लंगडत नाही, ओरडत नाही, नीट जेवते. मग कुत्रीला दुखतंय हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांची लॅब्राडोर मादी, वजन ३८ किलो, नसबंदी झालेली नाही. महिनाभरापासून जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकते, रात्री पंख्याखालीसुद्धा धापा टाकत जागा बदलत राहते, पुढच्या उजव्या पायाचं मनगट चाटत बसते. धाकट्या मुलाने मागून मिठी मारली तेव्हा गुरगुरली, पूर्वी असं कधी केलं नव्हतं. लंगडत नाही, केकाटत नाही, वाडगं चाटूनपुसून साफ करते. हे वयामुळे असेल का, आणि घरात असलेली आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर चालेल का?

आधी गोळीचं, कारण ती कदाचित आज रात्रीच दिली जाईल. देऊ नका. या एकत्रित गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या आतड्यातून पुन्हा पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि माणसापेक्षा जास्त वेळ टिकतं, त्यामुळे दुखणं कमी करणारी मात्रा आणि जठराला व्रण पाडणारी मात्रा यांत अंतर फार थोडं उरतं. पहिल्या दिवशी ती हुशार दिसेलही. फसगत तिथेच होते, कारण मग गोळी रोज सुरू राहते आणि काही दिवसांनी डांबरासारखी काळी, चिकट शी, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण, अन्नावरची वासना उडणं असं सुरू होतं. जास्त मात्रेत मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड या माणसांच्या वेदनाशामकांनाही हीच ताकीद. (२००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली ती गिधाडांसाठी: औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन ती मरत होती. माणसांच्या गोळ्या आणि जेल मात्र घरोघरी आहेतच.) कंबरेला जेल चोळून त्याच हाताने कुत्र्याला कुरवाळू नका आणि त्याच्या खुब्याला तर मुळीच लावू नका. लावलेलं सगळं तो चाटणार आहे. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉल तिच्यापासून कटाक्षाने लांब ठेवा, मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

"पण मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक तर डॉक्टरही देतात" असा प्रश्न यावर हमखास येतो. देतात, पण मात्रा बघा. कुत्र्यात पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम. आठ किलोच्या पगला दुसऱ्या दिवसापासून ०.८ मिलिग्रॅम पुरतं, आणि माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. चतुर्थांश तुकडासुद्धा दुपटीहून जास्त होतो. गोळी आधीच दिली गेली असेल तर पाकीट हातात घेऊन लगेच फोन करा, तासा-दीड तासात पोट रिकामं करता येतं. मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढायचा उद्योग करू नका, त्या मिठानेच रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात.

आता मूळ मुद्दा. लंगडत नाही म्हणजे दुखत नाही, हा समज सांधेदुखीच्या बाबतीत सगळ्यात जास्त नडतो. लंगडायला एक दुखरा आणि एक चांगला असे दोन पाय लागतात. खुब्याचा किंवा पुढच्या पायाच्या कोपराचा आजार लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो. मग कुत्रं कोणता पाय वाचवणार? ते पावलं आखूड टाकतं, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं उडतं, आणि मागचं वजन पुढच्या पायांवर घेतं. तुमच्या कुत्रीचं मनगट चाटणं दोन तऱ्हांनी समजू शकतं: एक तर त्याच सांध्यात दुखतंय, नाही तर मागचा भार वाहून ते मनगट थकलंय. मनगटाची कातडी लाल झाली आहे का, बोटांच्या बेचक्यात जखम किंवा गोचीड आहे का, हे आधी बघून घ्या. एकाच जागी चाटण्याचं कारण ॲलर्जीही असते, पण ॲलर्जीत सहसा चारही पंजे चाटले जातात.

केकाटणं म्हणजे अचानक उठलेली कळ: पायात काटा मोडला, मणक्यातली चकती सरकली, कुणी शेपटीवर पाय दिला. महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात कुत्रं आवाज करत नाही, सवयी बदलतं. आणि जेवणाचं म्हणाल तर लॅब्राडोरची भूक हा कशाचाच पुरावा नाही. दाढेच्या मुळाशी पू झालेलं कुत्रंसुद्धा जेवतं, फक्त एका बाजूने चावतं, कडक बिस्कीट तोंडातून पाडतं किंवा न चावता गिळतं. वरच्या मोठ्या दाढेचं मूळ डोळ्याच्या खाली असतं, म्हणून तिथे सूज आली की घरचे डोळ्याचे थेंब घालत बसतात आणि दाढ तशीच राहते. नाक कोरडं की ओलं, गरम की गार, यावरूनही काही ठरत नाही.

बघायचं काय, तर रोजच्या गोष्टी ती कशा करते. झोपेतून उठतानाचा पहिला अर्धा मिनिट सगळ्यात बोलका असतो. पुढचे पाय रोवून मागचं धड ओढत वर आणते का? पहिली चार-पाच पावलं ताठ टाकून मग मोकळी होते का? बसताना एक गुडघा बाहेर फेकून बसते का? गुडघ्यातला क्रुसिएट बंध (सांध्यातली हाडं जागेवर धरणारा दोर) फाटत असेल तर कुत्रं पाय पूर्ण मुडपून बसत नाही, आणि लॅब्राडोरमध्ये तो एका दिवसात तुटण्यापेक्षा महिनोन्‌महिने झिजतच जास्त तुटतो. शी करताना वाकून एका जागी राहते की चालत चालत करते? शेपटी पूर्वीसारखी वर जाते का? गाडीत उडी मारण्याआधी दोनदा मागे सरून अंदाज घेते का? कान खाली आणि डोळे अर्धवट मिटलेला चेहरा, कपाळावर ताण, जबडा घट्ट, हे फोटोत पकडणं अवघड असतं. मग दोन वर्षांपूर्वीचा तिचा एखादा निवांत फोटो शेजारी ठेवून बघा, फरक दिसेल.

एका पायात दुखत असेल तर चाल वाचण्याची साधी खूण आहे. पुढच्या पायाचं दुखणं असेल तर त्या पायावर वजन पडताना डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. मागच्या पायाचं असेल तर दुखऱ्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो. यासाठी तिला पळवू नका, आधी सावकाश चालवा. दुडक्या चालीत ती पाय पटपट उचलते, सवय नसलेल्या डोळ्याला ते टिपणं अवघड जातं.

व्हिडिओ काढणं इथे खरोखर आवश्यक आहे. दवाखान्यात शिरलं की भीतीने आणि उत्साहाने कुत्रं दुखणं विसरल्यासारखं चालतं, आणि डॉक्टर म्हणतात, "चाल तर ठीक वाटतेय." फोन कुत्रीच्या पाठीच्या उंचीवर धरा, उभं राहून वरून काढू नका. सिमेंटच्या जागेवर, पट्टा सैल ठेवून दहा-बारा मीटर: एकदा बाजूने, एकदा लांब जाताना, एकदा समोरून येताना. याशिवाय सकाळी उठतानाचा, बसतानाचा आणि जिन्याचा. एवढे सहा तुकडे मिळून दोन मिनिटंही होत नाहीत आणि तपासणीचा अर्धा तास वाचतो.

हात लावून घरी तपासायचं असेल तर दोघं हवेत. एकाने पुढे, जरा बाजूला उभं राहून तिचं लक्ष धरावं, चेहऱ्याजवळ चेहरा नेऊ नये. दुसऱ्याने मानेपासून सुरुवात करावी. तळहात सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खाली यायचं, म्हणजे डावं-उजवं लगेच ताडता येतं: खांदे, फासळ्या, पोट, मांड्या. आजारी बाजूची मांडी हाताला पातळ लागते आणि आतलं हाड जास्त जाणवतं. गुडघ्याच्या आतल्या अंगाला टणक फुगवटा लागला तर तोही सांगण्यासारखा आहे. ज्या जागेचा संशय आहे ती शेवटी. आणि हाताकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहा. धापा टाकत असलेलं कुत्रं दुखऱ्या जागी बोट गेलं की क्षणभर तोंड मिटतं आणि श्वास धरतं. मग ओठ चाटतं, कान मागे नेतं, मान वळवून तुमच्या हाताकडे बघतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. गुरगुर याच्या खूप नंतर येते. तोंड मिटलं तिथेच थांबा आणि जागा लक्षात ठेवा. "खरंच दुखतंय का बघू" म्हणून पुन्हा दाबलं की चावा बसतो.

मुलावर गुरगुरल्याबद्दल तिला रागावू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. तोवर मुलाला स्पष्ट नियम: झोपलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही, वरून वाकून मिठी नाही, बोलवायचं आणि ती आली तरच कानामागे खाजवायचं. आयुष्यभर गरीब असलेलं कुत्रं सात-आठव्या वर्षी चिडकं होतं किंवा फटाक्यांना, गडगडाटाला नव्याने घाबरू लागतं तेव्हा वळण लावण्याआधी सांधे, पाठ, दात, कान तपासावेत. दचकलं की अंगाला हिसका बसतो, दुखतं, आणि ते दुखणं त्या आवाजाशी जोडलं जातं. एक इशारा मात्र वेगळा. अचानक आलेला विनाकारण आक्रमकपणा, बदललेला आवाज, लोंबता जबडा, गळणारी लाळ, गिळता न येणं असं असेल, विशेषतः लसीकरण अपुरं असेल, तर तोंडात हात घालू नका. रेबीजची शंका धरून दूर राहा आणि पशुवैद्याला बोलवा. चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी जा.

रात्रीच्या धापांची कारणं बरीच आहेत, म्हणून त्या एकट्यावर निदान करू नका. ती गाढ झोपलेली असताना छातीचे श्वास ३० सेकंद मोजून दुप्पट करा. गार जागेत, झोपेत मिनिटाला ३० च्या वर रोज येत असतील तर हृदय आणि फुप्फुसं आधी. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून पांढरी केलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ताप बगलेत किंवा कानाला हात लावून कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोनेक सेंटीमीटर. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे, माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटतो आणि लोक उगाच घाबरतात. १०४ च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवा.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी सांधेदुखीच्या आधी वगळायला हव्यात. पहिली गर्भाशयाची. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. पाणी जास्त पिणं, सुस्ती, पोट जड, मागून घाण वासाचा स्राव, आणि गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्रावही नाही. शेवटचा माज कधी होता ती तारीख आठवून ठेवा, सोनोग्राफीने उत्तर मिळतं. दुसरी गोचीडताप. एर्लिकिया आपल्याकडे बारमाही आहे. त्यात सांधे दुखतात, आज हा पाय तर परवा तो अशी दुखण्याची जागा फिरते, ताप येतो-जातो, हिरड्यांवर किंवा पोटावर लाल ठिपके दिसतात, नाकातून रक्त येतं. यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झालेल्या असतात, आणि अशा वेळी वेदनाशामक गोळी रक्तस्राव वाढवू शकते. म्हणून गोळीआधी रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्यांसह. यात काटकसर करू नये.

दवाखान्यात काय व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे विचारता येईल. हाताने प्रत्येक सांधा वाकवून-ताणून तपासणी, गरज पडल्यास गुंगी देऊन खुबे-गुडघ्यांचे एक्स-रे. एक्स-रेमधला बिघाड आणि दुखण्याचं प्रमाण यांचा मेळ नेहमी बसत नाही. फिल्म खराब आणि कुत्रं मजेत, किंवा याच्या उलट, दोन्ही असतं. म्हणून संशय असेल तर डॉक्टर कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं (मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन इत्यादी) दोन आठवडे देऊन बघतात. याला अर्थ येण्यासाठी आधी वहीत तीन कामं लिहा, अगदी तुमच्या कुत्रीची: सकाळी उठणं, जिना चढणं, रात्री सलग झोपणं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, ० म्हणजे सहज आणि ४ म्हणजे जमतच नाही. रोज नको, आठवड्यातून दोनदा, आणि घरातल्या एकाच माणसाने द्यावेत. याहून सविस्तर हवं असेल तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली ११ प्रश्नांची कुत्र्यांसाठीची वेदना-प्रश्नावली आहे, डॉक्टरांना विचारा. गोळीने ते गुण उतरले आणि बंद केल्यावर पुन्हा चढले, तर "वय झालंय" हे उत्तर बाद.

गोळी नेहमी जेवणाबरोबर. उलटी, पातळ किंवा काळी शी, जेवण सोडणं, यांतलं काही दिसलं की पुढची मात्रा थांबवून फोन. आणि एक गोष्ट न विचारताच सांगा: गेल्या महिन्यात खाजेसाठी इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन मिळालं होतं का. स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र आली की जठरात भोक पडण्यापर्यंत मजल जाते, आणि खाजेचं इंजेक्शन "स्टेरॉइड" म्हणून घरच्यांच्या लक्षातच नसतं. गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) जोडलं तर सुरुवातीला ती झोपाळू, जराशी डगमगती वाटेल, ते अपेक्षित आहे. फक्त माणसाच्या गॅबापेंटिन सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना हे बाटलीवर वाचा, ते कुत्र्याला विष आहे. तोंडाने दिलेलं ट्रॅमाडॉल कुत्र्याच्या सांधेदुखीत फारसं लागू पडत नाही. चिठ्ठीत तेवढंच एक असेल तर कारण विचारायला हरकत नाही.

औषधाइतकंच काम वजन करतं. लॅब्राडोर मादीला ३८ किलो खूप झालं, ३० च्या आसपास यायला हवी. पण सगळं उतरेपर्यंत थांबावं लागत नाही, मूळ वजनाच्या सहा-सात टक्के, म्हणजे तुमच्याकडे अडीच किलो कमी झाले तरी चालीत फरक दिसतो. ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला मिळालेली कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीचा उपचार सुमारे तीन वर्षं उशिरा लागला. गळती कुठे आहे ती बघा: ३० किलोच्या कुत्र्याचा बैठा खर्च दिवसाला सुमारे ९०० कॅलरी, आणि तूप लावलेल्या तीन पोळ्या म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा. एक ग्लुकोज बिस्कीट पंचवीसेक कॅलरीचं. आजी दोन, बाबा दोन, मुलगा दोन, हा हिशेब कुणीच एकत्र करत नाही.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटया टाका. पाय घसरू नये म्हणून धरलेला ताण दिवसभर सांध्यांवर असतो. नखं कापा, बोटांमधले केस छाटा. रविवारी तासभर आणि इतर दिवशी काहीच नाही, यापेक्षा रोज तीनदा दहा-पंधरा मिनिटं चांगलं. लिफ्ट नसेल तर पोटाखालून टॉवेलची झोळी घेऊन मागचा भार उचला.

थांबून बघण्यासारख्या गोष्टी या झाल्या. खालच्या बाबतीत रात्र काढू नका. पोट फुगलंय आणि उबळ येऊनही उलटी पडत नाही: जठराला पीळ, मोठ्या जातींत हा तासांचा खेळ आहे. पुढचे पाय जमिनीवर आणि ढुंगण वर, अशी वाकून राहते, वर उलट्या: स्वादुपिंडाला सूज असू शकते, लग्नातलं तेलकट-तुपकट खाल्ल्यावर हे विशेष. मागचे पाय ओढणं, लघवी अडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं. एक डोळा मिटून धरणं हेही यातच, आणि घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब घालू नका, बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते. अपघात झालेल्या कुत्र्याला चादरीवर सरकवून, दोन्ही टोकं धरून न्या, पाठीचा संशय असेल तर खाली फळी घ्या. तोंड मऊ ओढणीने बांधायचं तर एक फेरा नाकावरून, गाठ हनुवटीखाली, टोकं कानांमागे. उलटी होत असेल, श्वास लागत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर बांधूच नका.

आणि औषध लागू पडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ती एकदम पूर्वीसारखी धावू लागेल, चेंडू घेऊन पुढ्यात येईल. पहिले दोन-तीन आठवडे चेंडू कपाटात ठेवा, पट्ट्यावरच फिरवा. दुखणं कमी झालंय, पण झिजलेला बंध किंवा उतरलेली मांडी अजून तशीच आहे, आणि अर्धवट फाटलेला गुडघा याच आठवड्यांत पुरता तुटण्याचा धोका सगळ्यात जास्त.